घाम वाढला म्हणजे भीती वाढली का? एमआरआयच्या आधी दाखवायच्या फिल्मबद्दल

रेषाघर

नमस्कार. मी ॲनिमेशन करते, अकरा वर्षं झाली. आत्ता जिथे अडले आहे ते माझ्या विद्येच्या बाहेरचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एमआरआयसाठी आलेला पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो, तेव्हा त्याला दाखवायची दोन मिनिटांची फिल्म करते आहे. आत गेल्यावर माणसं घाबरतात आणि तपासणी अर्धवट टाकून बाहेर येतात, ते थांबावं एवढाच उद्देश. हे काम मी मागून घेतलं, कारण गेल्या वर्षी माझी आई अशीच बाहेर आली होती. अरुंद जागेचं तिला काही वाटलं नव्हतं. "एवढा आवाज यायला लागला, मला वाटलं मशीन बिघडलंय आणि बाहेर कुणाला पत्ताच नाही," असं ती म्हणाली. कानात घालायला बोळे दिले होते, पण ते कशासाठी हे कुणी सांगितलं नव्हतं.

फिल्ममध्ये माणूस नाही. एक निळं वर्तुळ आहे. ते राखाडी नळीत शिरतं, बराच वेळ आत थांबतं, मग बाहेर येतं. चेहरा मुद्दाम टाळला. चेहरा काढला की त्याला वय येतं, कपडे येतात, आणि बघणारा 'हा काही मी नाही' म्हणून मोकळा होतो.

दोन व्हर्जन केली. पहिल्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत संथ संगीत. दुसऱ्यात संगीत अजिबात नाही. वर्तुळ नळीत गेलं की मशीनचा खरा ठक-ठक आवाज सुरू होतो, हळू आवाजात, चाळीस सेकंद. कंट्रोल रूममधल्या इंटरकॉमवरून तो रेकॉर्ड केला होता. पहिल्या ठोक्याला वर्तुळ दचकतं, मग थोडं थरथरतं, मग शांत होतं.

अठरा जणांना दोन्ही दाखवली, आधी संगीताचं, मग आवाजाचं. दोन बोटांना घाम मोजणारा सेन्सर, समोर वेबकॅमवरून चेहऱ्यावरची भावना ओळखणारं सॉफ्टवेअर, आणि शेवटी प्रश्न: "फिल्म बघून कसं वाटलं?" पाचपैकी गुण द्यायचे. संगीतवाल्याला सरासरी 4.4 मिळाले, आवाजवाल्याला 3.1. आवाजवाल्याला जवळजवळ सगळ्यांचा सेन्सर उसळला. सॉफ्टवेअरने त्यातल्या सात जणांच्या चेहऱ्यावर 'राग' असं लिहिलं. ज्यांनी काम दिलं त्यांच्या दृष्टीने विषय संपला, संगीताचं घ्या.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. आवाजाचं व्हर्जन बघून झाल्यावर साठीतले एक काका बोटांचे सेन्सर काढता काढता स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे ठोके पडतायत तोवर मशीन नीट चाललंय." माझ्या आईला नेमकं हेच आधी कळायला हवं होतं! ते वाक्य कुठल्याच रकान्यात बसलं नाही. सेन्सर, सॉफ्टवेअर, गुण, तिन्ही एका बाजूला आणि काकांचं एक वाक्य दुसऱ्या बाजूला. मी कुणाचं ऐकू?

नेपथ्य

मी नाटकाच्या बाजूचा, त्यामुळे घामापुरतंच बोलतो.

नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातल्या भावामुळे शरीरावर उमटणाऱ्या खुणा, सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. स्वेद म्हणजे तुमच्या सेन्सरने मोजला तो घाम. सातव्या अध्यायात स्वेदाची कारणं येतात, ती बघा: क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख, श्रम, रोग, ताप... रागही आहे आणि आनंदही, लाजही आहे आणि नुसता उकाडाही. नट घाम पुसण्याचा अभिनय करतो तेव्हा तो भ्यालाय की दमलाय हे प्रेक्षकाला कळतं ते आधी रंगमंचावर काय घडलं त्यावरून. समोर वाघ आला होता की डोक्यावर ओझं होतं? नुसत्या घामाला अर्थ नाही. विभाव, म्हणजे भाव जागवणारी परिस्थिती, सोबत असेल तरच तो कशाचा ते ठरतं.

पापणी

नेपथ्य यांनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं लिहिते. एका दृक्-संवेदन प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं अशाच चाचण्या घेतल्या आहेत, आणि रेषाघर, तुमचे काका मला फार मोलाचे वाटतात.

आधी सेन्सर. तळव्यांच्या आणि बोटांच्या घामग्रंथी सिम्पथेटिक चेतासंस्थेच्या, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या यंत्रणेच्या, हुकमावर चालतात. त्या सुटल्या की त्वचेतून वीज सहज वाहते, यंत्र तेवढंच मोजतं. खळबळ किती झाली हे त्यातून कळतं, गोड की कडू हे कळत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी 1980 साली भावनांचा जो वर्तुळाकार नकाशा मांडला त्यात हे दोन वेगळे अक्ष आहेत, एक सुखद-असुखद आणि दुसरा उत्तेजना. तुमच्या सेन्सरला फक्त दुसरा दिसतो. शांत खोलीत अचानक ठोका पडला तर कुणाचाही आलेख उसळेल, मागे दार आपटलं तरी उसळेल. त्यामुळे 'आवाजवाल्या फिल्मला उसळला' ही बातमीच नाही.

बातमी पुढे असू शकते, आणि ती तुमच्याकडे आधीच पडून आहे. सरासरी काढू नका. प्रत्येकाचा आलेख फिल्मच्या टाइमलाइनखाली ठेवा. त्वचेचा प्रतिसाद एक ते तीन सेकंद उशिरा येतो, तेवढं सरकवून घ्या. मग बघा, पहिल्या ठोक्याला उसळी आल्यावर पुढच्या चाळीस सेकंदांत काय झालं? रेष खाली येत गेली असेल तर शरीर त्या आवाजाला सरावलं. दचकणं आणि सरावणं हे दोन्ही मशीनमध्ये होण्याऐवजी बाहेर बाकावर झालं, तर तुमची फिल्म तिचं काम करते आहे. आणि रेष चाळीस सेकंद वरच राहिली असेल तर मात्र काळजी करा.

आता चेहरा. सॉफ्टवेअरने 'राग' म्हटलं म्हणजे बहुधा भुवया जवळ आल्या होत्या. डार्विनने 1872 च्या त्याच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की विचार करताना वाटेत काही अडचण आली की माणूस भुवया आकसतो. तुम्ही त्या सात जणांना एक अनोळखी आवाज ऐकवलात आणि ते त्याचा अर्थ लावत होते. 2019 मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि आणखी चार संशोधकांनी हजाराहून अधिक अभ्यास तपासून मांडलं की चेहऱ्याच्या हालचालीवरून भावना खात्रीने सांगता येत नाही. राग आलेली माणसं सरासरी तीनदा-चारदांत एकदाच कपाळाला आठ्या घालतात, आणि राग नसतानाही घालतात. या पाचांत आधी परस्परविरोधी मतं असलेली माणसं होती, म्हणून तो निष्कर्ष मला जास्त वजनदार वाटतो. सॉफ्टवेअरचा रकाना सरळ खोडा. त्यातून काहीही वाचवायचा प्रयत्न करू नका.

आणि गुण. 'कसं वाटलं' या प्रश्नाला माणूस प्रामाणिकपणे उत्तर देतो, पण कशाचं? 1977 मध्ये निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले, चारही हुबेहूब सारखे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं यातला चांगला कुठला. सगळ्यात उजवीकडचा जोड सगळ्यात डावीकडच्यापेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. कारण विचारलं तर लोक पोत सांगत, विणकाम सांगत. जागेमुळे निवडला असं कुणीच म्हणालं नाही. तुमच्या अठरा जणांना संगीत आवडलं, फिल्मला 4.4 मिळाले. पण पेशंटला फिल्म आवडणं हा तुमचा उद्देश होता का? शिवाय तुम्ही संगीताचं आधी आणि आवाजाचं नंतर दाखवलंत, सगळ्यांना. सुरेल काही ऐकून झाल्यावर लगेच ठोके ऐकले की ते होते त्याहून कर्कश वाटणारच. निम्म्यांना उलट क्रमाने दाखवायला हवं होतं. ही चूक मात्र तुमची, आणि ती सुधारल्याशिवाय गुणांचे आकडे कुणालाही दाखवू नका.

आता काका. 1944 मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मरियान झिमेल यांनी एक छोटी फिल्म केली होती. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारी एक चौकट, बस. पहिल्या गटातल्या 34 विद्यार्थिनींना एवढंच सांगितलं: काय घडलं ते लिहा. एकीने भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांनी माणसांची किंवा प्राण्यांची गोष्ट लिहिली. कोण कुणाच्या मागे लागलं, कोण घाबरून लपलं, कुणी कुणाला वाचवलं. 'तुम्हाला काय वाटलं' असं त्यांना विचारलंच नव्हतं. भावना त्यांनी वापरलेल्या क्रियापदांतून बाहेर आली.

तुमचं निळं वर्तुळ त्याच घराण्यातलं आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की गुण विचारणं बंद करा. फिल्म संपली की म्हणा, "काय झालं ते मला सांगा," आणि गप्प राहा. सगळं जसंच्या तसं लिहून घ्या आणि क्रियापदांखाली रेघ मारा. वर्तुळ 'अडकलं' की 'थांबलं'? 'सुटलं' की 'बाहेर आलं'? 'थरथरलं' की 'हादरलं'? मराठीत ही जोड्यांची श्रीमंती आहे, ती पाचपैकी गुणांत घालवू नका. काकांनी तुम्ही न विचारता हेच केलं.

एक आधार तुमच्या कामाच्या अगदी जवळचा आहे. 1970 च्या दशकात जीन जॉन्सन या परिचर्या-संशोधिकेने हात-पाय मोडून प्लास्टर घातलेल्या मुलांवर अभ्यास केला. प्लास्टर कापणारी करवत मोठा आवाज करते, मुलं किंचाळतात. काही मुलांना आधी एक ध्वनिफीत ऐकवली. तिच्यात काय काय ऐकू येईल, जाणवेल, दिसेल ते होतं: करवतीचा आवाज, थरथर, थोडी ऊब, उडणारी पांढरी भुकटी. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं कमी कासावीस झाली. 'असा आवाज येईल' हे आधी सांगणं उपयोगी पडलं. तुमचं दुसरं व्हर्जन त्याच वाटेवर आहे.

कंट्रोलरूम

मी एमआरआय टेक्निशियन आहे. पापणी यांनी लिहिलेलं सगळं पटलं, पण काकांच्या वाक्यात एक धोका आहे तो आधी सांगतो.

"ठोके पडतायत तोवर मशीन नीट चाललंय." मग ठोके थांबले की काका काय समजतील?

ठोके थांबतातच. तपासणी तुकड्यांत होते, एकेका तुकड्याला आम्ही सीक्वेन्स म्हणतो. एक संपली की पुढची लावेपर्यंत शांतता असते, कधी काही सेकंद, कधी मिनिटभर. मागे थंडाव्याच्या पंपाची बारीक चिक-चिक तेवढी चालू असते. आणि माझा अनुभव असा की हातात दिलेला रबरी फुगा (बल्ब) दाबून आम्हाला बोलावणारी निम्मी माणसं ठोक्यांत बोलावत नाहीत, या शांततेत बोलावतात. "झालं का?" "विसरलात का मला?" किंवा झालं समजून मान वळवतात, आणि पुढच्या सीक्वेन्सची मान जागेवर राहत नाही.

दुसरं म्हणजे ठोके एकाच तऱ्हेचे नसतात. मशीनच्या आत गुंडाळ्या असतात, त्यांतली वीज फार झपाट्याने बदलते आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात असल्यामुळे त्या दर वेळी हादरतात. तो आवाज. सीक्वेन्स बदलली की वीज बदलण्याची चाल बदलते आणि आवाजही. कधी ठक-ठक, कधी भोंग्यासारखा सलग, कधी टेबलही थरथरतं. आवाज 100 डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून ते बोळे. फिल्ममध्ये एकच ठक-ठक असेल तर भोंगा वाजल्यावर माणूस म्हणेल, हा तो आवाज नाही, म्हणजे आता नक्की बिघडलं.

तुमच्या आईंना बोळे कशासाठी ते सांगितलं नाही हे वाचून वाईट वाटलं. रांग मोठी असते, आणि ते एक वाक्य आमच्याकडून राहून जातं. राहायला नको.

रेषाघर

कंट्रोलरूम, शांततेचं मला कधीच सुचलं नसतं. माझ्या फिल्ममध्ये ठोके थांबले की वर्तुळ लगेच बाहेर येतं. म्हणजे मी लोकांना नेमकं चुकीचं शिकवत होते.

पापणीताई, आलेख टाइमलाइनखाली ठेवून बघितले. अठरापैकी तेरा जणांची रेष पंचविसाव्या सेकंदाच्या आत खाली आली आहे. तिघांची वरच राहिली. दोघांचे सेन्सर नीट बसले नव्हते, ते सोडून दिले. या तेरांमध्ये 'राग' आलेल्या सातांपैकी सहा जण आहेत!

एक विचारू? संगीत पूर्ण काढावं का? काम देणारे म्हणतात, निदान शेवटी तरी ठेवा.

पापणी

तेरा जणांचं ऐकून बरं वाटलं. पण राहिलेल्या तिघांकडे पाठ फिरवू नका. तेच खरे तुमचे पेशंट असतील. शक्य असेल तर त्यांना पुन्हा भेटा.

संगीताबद्दल. हायडर-झिमेल यांच्याच फिल्मवर 1988 मध्ये मार्शल आणि कोहेन यांनी वेगवेगळी संगीतं घालून बघितली. आकृत्या त्याच, हालचाली त्याच, पण संगीत बदललं की त्या आकृत्यांबद्दल बघणाऱ्यांची मतं बदलत होती. म्हणजे संगीत चित्रामागे नुसतं वाजत बसत नाही, ते वर्तुळाला स्वभाव देतं. तुमचं संथ संगीत त्याला कोणता स्वभाव देतंय हे तुम्हाला किंवा मला बसल्या जागी सांगता येणार नाही. पुन्हा तेच, लोकांना गोष्ट सांगू द्या.

शेवटाबद्दल मात्र तुमच्या लोकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. 1993 च्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना हात 14 अंशांच्या गार पाण्यात 60 सेकंद धरायला लावला. आणखी एका खेपेला तेच 60 सेकंद, आणि वर आणखी 30 सेकंद, त्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणलं. पुन्हा एक करायचं तर कुठलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. एकूण त्रास जास्त, पण शेवट जरा सुसह्य होता. आठवण शेवटाला धरून बसते. तेव्हा वर्तुळ बाहेर आल्यावर फिल्म लगेच कापू नका. त्याला थोडं मोकळ्या जागेत राहू द्या. तिथे संगीत हवं की नुसता खोलीचा आवाज, ते करून बघा.

रेषाघर

तीन आठवड्यांनी परत आले. उशीर झाला, पण सांगण्यासारखं बरंच आहे.

नवे बारा जण घेतले, निम्म्यांना उलट क्रमाने दाखवलं. गुण नाहीत, सॉफ्टवेअर नाही. फिल्म संपली की "काय झालं ते सांगा," एवढंच. पहिल्या दोघांच्या वेळी गप्प राहणं मला फार जड गेलं, मग जमलं.

संगीताच्या व्हर्जनबद्दल बारापैकी चौघांनी जे सांगितलं ते ऐकून मी हादरले. एक जण म्हणाला, "ते विरघळत गेलं." एक मुलगी म्हणाली, "आत गेल्यावर ते झोपलं, पण नेहमीचं झोपणं नाही." आणि एका बाईंनी मलाच विचारलं, "ही फिल्म मरणाबद्दल आहे का?" संथ संगीत, लांब नळी, पलीकडे उजेड, आणि एक वर्तुळ शांतपणे आत जातंय. मी ती फ्रेम शेकडो वेळा बघितली होती आणि मला ते दिसलं नव्हतं. अठरा जणांनी याच व्हर्जनला 4.4 गुण दिले होते. त्या गुणांच्या भरवशावर ही फिल्म तपासणीच्या दारात लागली असती.

आवाजाच्या व्हर्जनची क्रियापदं जशीच्या तशी देते: दचकलं, थांबलं, कान दिला, हललं, सरावलं, वाट बघत बसलं, कंटाळलं. 'कंटाळलं' चौघांनी म्हटलं. तो शब्द मी वहीत दोनदा अधोरेखित केलाय. मशीनच्या आत कंटाळा यावा, याहून चांगलं मी काय मागू?

शांतता घातली. आता ठोके थांबतात, वर्तुळ जागच्या जागी राहतं, सहा सेकंद काहीच होत नाही, फक्त ती चिक-चिक, मग ठोके परत. सहा सेकंद पडद्यावर खूप लांब वाटतात. एडिट करताना हात चार वेळा कात्रीकडे गेला, पण ठेवले. बघणाऱ्यांपैकी एक आजी त्या सहा सेकंदांत म्हणाल्या, "अजून व्हायचंय, थांब." वर्तुळाला म्हणाल्या.

शेवटी संगीत नाही. वर्तुळ बाहेर येतं, खोलीचा साधा आवाज येतो, दार उघडतं, आणि कानातले बोळे काढल्यावर जसा आवाज एकदम मोठा आणि स्वच्छ होतो तसा तो होतो. काम देणाऱ्यांना मी गुणांऐवजी बारा जणांची वाक्यं वाचून दाखवली. मरणाचा प्रश्न वाचल्यावर संगीताचा विषय पुन्हा निघाला नाही.

आधीच्या तिघांपैकी दोघे पुन्हा आले होते. एकाची रेष या वेळी शांततेनंतरच्या ठोक्यांना उतरली. दुसऱ्या बाईंची अजूनही वरच आहे. त्यांना वेगळं काहीतरी लागणार आहे, कदाचित फिल्म नाहीच, कुणीतरी जवळ बसून बोलणं. ते मी तिथल्या लोकांना लिहून दिलंय.

कंट्रोलरूम, भोंग्यासारखा जो सलग आवाज म्हणालात तो मला हवा आहे, आणि टेबल थरथरतं त्या सीक्वेन्सचाही. मायक्रोफोन आत नेता येत नाही हे माहीत आहे, पण आधीसारखा इंटरकॉमवरून घेतलेला चालेल. दोन्हींचे वीस-वीस सेकंद, मधल्या शांततेसकट मिळतील का?